ठाणेदार कुणाच्या खांद्यावर

३ ऑगस्ट, रविवार

आली काय आणि गेली काय! निकिता सकाळच्या एसटीने यवतमाळहून आली आणि दुपारच्या एसटीने परत. मागे ठेवून गेली एक पिंजरा आणि त्यात मूठभर पाखरू. लव्हबर्ड म्हणे. अंग हिरवंगार, तोंड केशरी, चोच वाकडी. हॉस्टेलवर तिच्या खोलीतल्या उर्वशीने पाळलेला. तिथल्या मॅडमनी पाहिला आणि 'उद्याच्या उद्या बाहेर' म्हणाल्या. मग आमच्या लेकीला आईच आठवली!

"आई, लई सोपं आहे. जवळ बसायचं, बोलायचं, दाणे द्यायचे. हाताले लागला की खांद्यावर बसून घरभर फिरते."

मी म्हटलं, "नर्सिंग तू शिकून राह्यली अन् पेशंट माह्या घरी काहून?" हसली आणि बस पकडली.

यांनी पिंजऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "कायले पाह्यजे होतं हे?" म्हणाले आणि पंप पाठीवर घेऊन वावरात गेले. पऱ्हाटीवर फवारणी सुरू आहे, कपाशीच्या किडीचं औषध.

४ ऑगस्ट

चावला! बोटातून रक्त आलं. एवढ्याशा जिवात केवढा राग!

७ ऑगस्ट

दिवसभर ओरडतो. कुकरच्या शिट्टीवर ओरडतो, मानीबाई दारात आली तरी ओरडतो, मी गप्प बसले तर माझ्या गप्प बसण्यावर ओरडतो. मानीबाई आमची शेजारीण. म्हणाली, "विमलताई, हे पाखरू आहे का लाउडस्पीकर?" हे खाटेवरून म्हणाले, "ठाणेदार आहे तो. सगळ्यायले दम देते." झालं, नाव पडलं.

नाव यांनी ठेवलं, दाणापाणी मी करायचं. आमच्या घरची रीतच आहे तशी.

यांचं डोकं आज पुन्हा ठणकत होतं. फवारणीच्या दिवसांत दरवर्षी ठणकतं. वावरातून येतात ते तसेच, त्याच सदऱ्यात खाटेवर आडवे. आधी आंघोळ करा म्हटलं की, "करतो न व, च्या तं घेऊ दे." तोंडाला बांधायचा मास्क, चष्मा, हातमोजे कपाटात कोरे पडलेत. लग्न झाल्यापासून सांगते आहे. मागच्या साली मानीबाईचा नवरा उकंडाभाऊ फवारता फवारता वावराच्या धुऱ्यावर पडला, औषध अंगात भिनलं, किती दिवस दवाखान्यात होता. तेव्हापासून पंप उचलून हे निघाले की मी दारापर्यंत मागे मागे जाते, मास्क घ्या म्हणत. यांच्या कानात मात्र काही शिरत नाही. देवा, या एका माणसाला अक्कल दे, दुसरं काही मागत नाही.

१२ ऑगस्ट

निकिताने फोनवर शिकवलंय - डोळ्याला डोळा लावायचा नाही, त्याला वाटतं ही मला खाणार. म्हणून मी पिंजऱ्याकडे पाठ करून भाजी निवडते आणि तळहातावर राळ्याचे दाणे घेऊन हात मागे करते. कुणी पाहिलं तर म्हणेल, बाईला लागीर झालं!

बोलायचं काय, हा प्रश्न होता. शेवटी भावाचं लग्न, मग आमचा सासरा कसा होता, मग डाळीत किडे कसे झाले, सगळं सांगितलं. मध्ये मध्ये तो टिचटिच करतो. खरं सांगू? निकिता हॉस्टेलला गेल्यापासून दुपारी या घरात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. बरं झालं पोरीनं हे गळ्यात टाकलं.

१६ ऑगस्ट

घेतला! माझ्या हातावरून दाणा घेतला! पाठीमागे होता म्हणून दिसला नाही, पण चोच लागली. चावला नाही. मी तशीच बसून राहिले, पोळी करपली. यांना करपलेली पोळी वाढली आणि कारण सांगितलं. म्हणाले, "वा."

नुसतं 'वा'!

१९ ऑगस्ट

काय सांगू! फितूर!

आज पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. हात पुढे केला, बिया दाखवल्या, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, कोवळी पानं दाखवली. ठाणेदार बाहेर आला, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि भुर्रकन उडून बसला कुठे? यांच्या खांद्यावर! हे पेपर वाचत होते. यांनी मान वर केली नाही. "बस," म्हणाले आणि पान उलटलं.

पंधरा-पंधरा मिनिटं पाठ करून मी बसायची आणि खांदा यांचा! निकिताला फोन केला तर ती पोटभर हसली. "आई, बाबा त्याच्याकडे पाहातच नाही न, म्हनून त्याले त्यायचा भेव नाही." म्हणजे माणसाकडे लक्ष न देणं हाही गुण झाला. या गुणात आमच्या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. संध्याकाळी यांनी बैलांचे खांदे तुपा-हळदीने शेकले आणि दरवर्षीसारखं आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." बैलांना सांगून घरात आले, हात धुतले आणि इकडेतिकडे बघून पिंजऱ्याजवळ वाकले. मी चुलीआड होते. हळूच म्हणाले, "तुमीबी उद्या जेवाले या, ठाणेदार साहेब."

मला हसू आलं आणि मग डोळे भरून आले. या माणसाने मला कधी आवतण दिलं नाही. पण ज्याला दिलं त्याच्याबद्दल माझ्या मनात राग राहिला नाही, एवढं खरं.

२६ ऑगस्ट

नवीन तऱ्हा. हे वावरात निघाले की ठाणेदार आकांत करतो. दाणे लाथाडतो, जाळीला लोंबकळतो, कॅलेंडरचं पान ओढून चिंध्या करतो. ऑगस्ट महिना अर्धा फाडून झालाय.

निकिता म्हणाली, "बाबाचा अंगावरचा कपडा ठेव पिंजऱ्यावर. धुतलेला नोको. वास असला की त्याले वाटते बाबा घरीच आहे."

हे मला सुचलं कसं नाही! गायीच्या वासराला आपण हेच करतो.

२७ ऑगस्ट

खुंटीवरून यांचा वावरातला जुना सदरा काढला. चांगले सदरे ठाणेदाराने कुरतडले असते, आणि यांच्या अंगाचा वास याच सदऱ्याला जास्त. कालच अंगातून काढलेला, बाह्या अजून ओलसर. पिंजऱ्यावर टाकला. ठाणेदार आत गप्प! बाही आत ओढली, बटण चोचीत धरून बसला.

दुपारी मी सुईत दोरा ओवत होते, तो काही केल्या ओवला गेला नाही. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं. पण घरात शांतता आहे. निकिता, तुझं भलं होवो.

२८ ऑगस्ट

आजही ओरडला नाही. अगदी शहाणा झाला.

२९ ऑगस्ट

सकाळी सदरा उचलला तर ठाणेदार दांडीवर नाही. खाली, पिंजऱ्याच्या तळाला. पिसं फुगलेली, मान एका बाजूला, पाय लटलटत होते, चोचीतून पाणी गळत होतं. उचलला तर चावलासुद्धा नाही. चावला असता तर मी देवापुढे साखर ठेवली असती.

हे वावरात निघायचे थांबले. पंप अंगणात ठेवला. तालुक्याच्या ढोरांच्या डॉक्टरला मी फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी गायी-बैलायचा डॉक्टर, पाखराचं मले फार कळत नाही. घरात काही फवारलं होतं का? ढेकणाचं, मच्छराचं?"

मी म्हटलं, नाही हो, घरात काहीच नाही फवारलं.

आणि बोलता बोलता माझ्या हाताकडे पाहिलं. हातात सदरा. तीन दिवसांआधी तो घालून यांनी दिवसभर औषध मारलं होतं. पंप गळका, त्यामुळे पाठ आणि बाह्या दरवेळी भिजतात. तो मी पाखराच्या अंगावर पांघरला होता. दोन दिवस. आणि गप्प बसला म्हणून खूश होत होते!

डॉक्टर म्हणाले, पिंजरा बदला, हवेत ठेवा, चोच आणि पाय धुऊन काढा, ऊब द्या, पाणी पाजा, बाकी त्याचं नशीब. जुन्या टोपलीत मऊ धडपं घालून ओसरीत ठेवला. मी थेंब थेंब पाणी पाजत होते. हे समोर बसून राहिले. जेवले नाहीत.

"माह्यानंच झालं हे," मी म्हटलं.

यांनी सदरा उचलून अंगणात पंपाजवळ टाकला. मग म्हणाले, "त्याच्या अंगावर नुसता टाकला होता व. मी तं तो सदरा घालतो."

मी पाण्याचा आणखी एक थेंब चोचीला लावला. जे इतकी वर्षं माझ्या तोंडून निघत होतं ते आज त्यांच्या तोंडून निघालं, त्यात मी कशाला पाणी ओतू?

३१ ऑगस्ट

घरोघरी महालक्ष्म्या आल्या. आमच्याही बसल्या. मानीबाईने पुरणाचं पाहिलं, माझं चित्त टोपलीत.

दुपारी ठाणेदाराने सांबाराचं एक पान तोडलं. खाल्लं नाही, नुसतं तोडून फेकलं. मग दुसरं. तिसरं खाल्लं! हे ओसरीतून ओरडले, "खाल्लं व, खाल्लं!" पाहुणे आलेले, सगळे धावले. एवढा आनंद यांना सोयाबीनचा भाव चढला तरी होत नाही.

महालक्ष्म्यांपुढे मागायला म्हणून बसले आणि मागणं आठवेचना. नुसते आभारच मानत राहिले. पाखराचे मानले, डॉक्टरांचे मानले, पोरीचे मानले. लोक म्हणतात, जिवावर बेतलं ते शेपटावर निभावलं. आमचं शेपूट तर बोटभरच होतं.

६ सप्टेंबर

लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही. यांनी कपाटातून मास्क काढला. चष्मा काढला. हातमोजे काढले. नवा पंप आणला, गळत नाही. फवारून आले की आधी विहिरीवर आंघोळ, मग घर. चहा नंतर! मानीबाई म्हणाली, "पुंडलिकभाऊ चंद्रावर चालले का?" हे मास्कातून काहीतरी बोलले, कुणालाच कळलं नाही.

मी बायको. मी एवढी वर्षं घसा कोरडा केला. आणि या पाखराने एकदा मान टाकली तर... असो. ज्याचं ऐकायचं त्याचं ऐका, पण ऐका बाबा.

फवारणीचे कपडे आता घरातल्या कपड्यांत मिसळत नाही. वेगळी बादली केली आहे. मी ते वेगळे भिजवते, वेगळे घासते. वास जाईपर्यंत दोन-तीनदा चोळावे लागतात. हात चुरचुरतात नंतर. साबण बदलून पाहिला पाहिजे.

१० सप्टेंबर

बसला! पुन्हा खांद्यावर बसला!

बरा झाल्यापासून यांच्याजवळ जात नव्हता. हे रोज आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पेपर घेऊन तिथेच बसायचे. वाचत काहीच नव्हते, मला कळत होतं. आज आला. यांनी मान वर केली नाही. "बसा, ठाणेदार," एवढंच. पण पेपरचं तेच पान दोनदा उलटलं.

मी स्वयंपाकघरातून पाहिलं. आता मला खांद्याचा हेवा वाटत नाही. माझ्या हातावरचे दाणे खातो, तेवढं पुरे.

१३ सप्टेंबर, शनिवार

यवतमाळला जाऊन आलो. निकिता हट्टाला पेटली होती, "पाखराले झालं ते बाबाले झालं असन का नाही, रक्त तपासून पाहू." हे आधी "मले काय झालं?" म्हणाले. मग ठाणेदाराकडे पाहिलं आणि कपडे बदलायला गेले.

दवाखान्यात माझंही रक्त घ्यायला लावलं तिने. मी म्हटलं, "माहं कायले व? मी तं पंपाले हातबी लावत नाही."

"दे न आई. आली तशी दे."

लेकीपुढे काय चालतं? दिलं. येताना तिने ठाणेदारासाठी लाकडाचा झोपाळा घेऊन दिला. हॉस्टेलच्या दारात तिच्याकडे पाहिलं, पांढरा एप्रन, केस वर बांधलेले. केव्हा एवढी मोठी झाली? मला फार समाधान वाटलं. एसटीत यांच्या खांद्यावर मान टेकून मी झोपून गेले.

१७ सप्टेंबर

निकिताचा फोन. यांचा रिपोर्ट चांगला आहे. माझा नाही. फवारणीचं औषध माझ्या रक्तात सापडलं.

"आई, बाबाचे फवारणीचे कपडे कोन धुते?" तिने विचारलं आणि मी काही बोलायच्या आत रडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं, भरून येईल. पण त्या कपड्यांना आता हात लावायचा नाही.

फोन यांनी ऐकला. कपाटातले हातमोजे घेऊन न्हाणीत गेले. मघापासून पाण्याचा आवाज येतोय. कपडे पिळता येत नाहीत यांना, इथे बसून कळतं.

मी उठले नाही.