तुमचं दुसरं बारसं

बाबा, तुमची ट्रंक आज सकाळी माळ्यावरून खाली काढली. तुमचे जावई स्टूल धरून उभे होते आणि खालून पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "मग गुरुजींना काय सांगू?" मी ट्रंक घेऊन बेडरूममध्ये आले, दार लावून घेतलं आणि हे लिहायला बसले. संध्याकाळपर्यंत मला हो किंवा नाही सांगायचं आहे. तुमचा नातू गेला असं धरून त्याचे दिवस करायचे की नाही, एवढंच. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन काही वर्षं झाली होती आणि मी मुलाची आशा सोडली होती, तेव्हा तो झाला. एकुलता एक. त्याचं नाक अगदी तुमच्यासारखं आहे. 'आहे' म्हणते मी अजून. तुमचे जावई 'होतं' म्हणायला लागलेत, आणि मला ते ऐकवत नाही.

दिवाळी झाली आणि तो परदेशी गेला. गोदामात सामान लावायचं काम आहे असं एजंट म्हणाला होता. त्या देशात लढाई चालू आहे हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, टीव्हीवर रोज दिसत होतं. पण गोदाम लढाईपासून फार लांब, असं एजंटने मोबाइलवर नकाशा काढून दाखवलं, आणि आम्हीही शहाण्यासारख्या माना डोलावल्या. तिथे पोचल्यावर न कळणाऱ्या भाषेतल्या कागदांवर त्याच्या सह्या घेतल्या आणि पुढचा फोटो आला तो फौजी कपड्यातला. जाण्याआधी मी त्याला अडवलं होतं, बाबा. पोळ्या करत होते, पिठाचे हात तसेच घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तर हसतो आणि म्हणतो, "आई, किती टेन्शन घेतेस! तुझे बाबा तर खऱ्या वॉरमध्ये गेले होते. कैदी झाले, घरच्यांनी बारावं-तेरावंसुद्धा उरकलं. आले ना परत?" ती गोष्ट त्याला मीच सांगितली होती, आणि मला तुम्ही.

किती रंगवून सांगायचात तुम्ही ती! मुर्ध्याला गावच्या घरी पाहुणे आले, जेवणं झाली, की कुणीतरी मुद्दाम तुम्हाला छेडायचं आणि तुम्ही सुरू. मोठ्या लढाईत तुम्ही वाळवंटात इंग्रजांच्या फौजेची लॉरी चालवत होतात. शत्रूने धरलं आणि घरी पत्रं येईनाशी झाली. मग शेजारच्या राई गावचा एक माणूस फौजेतून रजेवर आला आणि तुमची लॉरी जळताना डोळ्यांनी बघितली म्हणाला. आजीने वाट पाहून पाहून शेवटी दर्भाचा पुतळा करवला, त्याला खाडीकाठी अग्नी दिला, दिवस घातले. आणि लढाई संपल्यावर तुम्ही स्टेशनपासून डोक्यावर ट्रंक घेऊन चालत गावात आलात. विहिरीवरच्या बाया कळशा टाकून पळाल्या. आजीने तुम्हाला उंबरा ओलांडू दिला नाही. ज्याचे दिवस घातले तो आत यायचा तर नव्याने जन्मून यायचा, असं भटजींनी सांगितलं. मग अंगणात तुम्हाला तान्ह्या पोरासारखी आंघोळ, दुपट्यात गुंडाळणं, आणि तुमच्या आत्याने कानात नवं नाव सांगणं. "मिशा फुटलेलं बाळ!" असं तुम्ही म्हणालात की घर हसून लोळायचं. जुनं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. ट्रंकेवर ते पांढऱ्या रंगात होतं, त्यावर आजीने डांबर फासलं. आज खिडकीतून ऊन आलं तेव्हा मला डांबराखालची अक्षरं लागली. मी मोठ्याने वाचली ती. तुम्हाला राग यावा म्हणून नाही, मला कुणाचं तरी जुनं नाव घ्यायचं होतं.

आत कैद्यांच्या छावणीतून पाठवलेली तुमची कार्डं आहेत. तुम्ही घरी पोचल्यानंतर ती एकेक करून आली. गावातल्या मास्तरांना बोलावून आजीने प्रत्येक कार्ड वाचून घेतलं, तुम्ही शेजारी बसलेले असताना. "तो हितंच बसलाय की," मास्तर म्हणाले. "असूंदे. तुमी वाचा," आजी म्हणाली. प्रत्येकात तेच आहे, मी बरा आहे, काळजी नसावी. कार्डांखाली एकच लोकरी मोजा आहे आणि डब्याच्या पत्र्याला तार वळवून केलेला मग. या मगात तुमच्या नातवाने दूध प्यायलं आहे, बाबा, पाचवीत जाईपर्यंत. दुसऱ्या कपाला तोंड लावायचा नाही. माझ्याकडे त्याच्या हातचं एकही कार्ड नाही. फोनमध्ये त्याचा आवाज आहे. शेवटच्या मेसेजमध्ये तो म्हणतो, "आई, इकडे बर्फच बर्फ आहे, मी मस्त आहे. पप्पांना सांग बाइकचा इन्शुरन्स भरा." मागे कुणीतरी ओरडतंय. ते ओरडणं कशाचं, हे मी इतक्यांदा ऐकूनही मला कळलेलं नाही. त्यानंतर त्याच्याबरोबरचा एक पंजाबी मुलगा कसाबसा सुटून आला आणि त्याचा फोन आला. "आंटी, मैंने उसको गिरते देखा. उसके बाद नहीं देखा." मी त्याला विचारलं, "गिरते देखा, या मरते देखा?" तो रडायला लागला. तुमचे जावई दिल्लीला जाऊन रक्त देऊन आले, कुठे काही सापडलं तर जुळवून बघायला. त्यालाही आता बरेच महिने झाले. दिल्लीला फोन केला की तिथले लोक नम्रपणे सांगतात, अजून काही नाही.

मी शाळेत होते तेव्हाची एक दुपार आठवते. तुम्ही मिठागरावर आहात आणि मी तुमचा डबा घेऊन बांधावरून येतेय. मिठाने डोळे दिपतात. मला तेव्हा शहाणपण सुचलेलं असतं, मी विचारते, "आजीला एवढी काय घाई झाली होती? जरा थांबली असती तर तुमचं हसं झालं नसतं." तुम्ही हसाल अशी माझी खात्री असते. तुम्ही हातातला दांडा खाली टाकता. "तुला काय ठावं? तू कदी कोनाची वाट बगलीस?" असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बघता, आणि मला तुमची भीती वाटते. मग जरा वेळाने, डबा उघडता उघडता, "रोज सांजला बांदावर येऊन बसायची ती. कनचा बी मानूस लांबून दिसला की उटून उबी राहायची. थकली. थकलेल्या मानसाला इचारू नये, घाई का केलीस म्हनून." संध्याकाळी तुम्ही भाईंदरच्या बाजारातून माझ्यासाठी लाल रिबीन आणलीत. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

हे तुम्ही पाहुण्यांना का नाही सांगितलंत, बाबा? आंघोळ सांगितलीत, दुपटं सांगितलंत, मिशा सांगितल्यात. बांध का नाही सांगितलात? माझ्या पोराने नुसता हसरा भाग ऐकला आणि विमानात बसला. मी तुमच्यावर चिडलेय. तुमच्यावर चिडणं सोपं आहे, तुम्ही उलटून बोलणार नाही. तुमच्या जावयांची दशा बघवत नाही. बॅगेत कागदांची फाइल घेऊन रोज कुठे ना कुठे जातात, आणि येऊन बूटही न काढता खुर्चीत बसतात. काल म्हणाले, "तो गेला असेल तर तहानलेला असेल. आपण त्याला पाणीसुद्धा द्यायचं नाही का?" आणि तो गेला नसेल तर? कुठल्यातरी दवाखान्यात पडला असेल, नाव सांगता येत नसेल, आणि इथे त्याची आई त्याला काडी लावायला तयार झाली असेल तर? आजीने पुतळा जाळला तेव्हा तुम्ही छावणीत काय करत होतात? तुम्हाला काही जाणवलं का? छातीत काही झालं का? हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारतेय. मला कुणीतरी सांगा हो. मला एकटीला हे ठरवता येत नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले आणि बाहेर गेले. तुमचे जावई गॅलरीत उभे होते, खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं तिकडे बघत. मी म्हणाले, "सांगा गुरुजींना. करू या." ते तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. शेजारच्या गुजराती बाईंनी दार उघडून पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. मी पाठीवर हात ठेवला, पण मला रडू आलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून टाकत नाही. पण एक सांगून ठेवते. तो गेला अशी खात्री पटली म्हणून मी हो म्हटलं, असं हे समजतायत. मला काहीच पटलेलं नाही. मी थकले, आजीसारखी. हो म्हणून आत आले आणि मला कडकडून भूक लागली, बाबा. ओट्याशी उभ्यानेच दोन पोळ्या खाल्ल्या, आणि अजून एक लाटायला घेतली.