निमिआचं नाव पटावरून काढलं

प्रिय सुनिल्दा,

तू असुन्सिओनला गेलीस त्याला चौदा महिने झाले. तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. काहीतरी चांगलं घडू दे, मग लिहू, असं मनाशी ठरवलं होतं.

माझ्या निमिआसाठी तुला शाळेत नेमलं होतं ती जागाच रद्द झाली, त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "एलिहिया, बहिऱ्या पोरीला वर्गात नुसतं बसवून काय करू? हातांची भाषा येणारं माणूस आण, मग पाठव." माणूस मी कुठून आणू? शिक्षण कार्यालयात गेले, तर त्यांना तिच्या बहिरेपणाचा दाखला हवा. दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी चार खेपा घातल्या. कानाचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, त्यात दोनदा आलेच नाहीत. दाखला हातात पडला तेव्हा मी भर रस्त्यात रडले. तो घेऊन गेले, तर तिथला माणूस थंडगार तेरेरेचा घोट घेत म्हणाला, "कागद अगदी चोख आहेत, बाई. शिक्षिका तेवढी नाही. पुढच्या वर्षी बघू." तोवर तिचं नाव पटावरून काढूनही टाकलं होतं.

मी बसमध्ये चिपाचे गरम पाव विकायला गेले की ती घरी एकटी. ऑगस्टमध्ये दप्तर पाठीला लावून आपली आपणच शाळेला निघाली. मागून ट्रक भोंगा वाजवतोय, हिला काय कळणार? ड्रायव्हरनं दंड धरून तिला घरी आणलं नि अख्ख्या गल्लीसमोर ओरडला, "आई आहेस की कोण? ऐकू येत नाही, तर बांधून ठेव की!" सुनिल्दा, मी जवळजवळ तेच केलं. बाहेरून कुलूप लावते. दाराला आतून नखांचे ओरखडे आहेत. तू शिकवलेल्या खुणा ती आता माझ्याशीही करत नाही.

सोमवारी तिला तुमच्या शहरातल्या नन्सच्या आश्रमात ठेवायला आणतेय. शाळा नव्हे, नुसती सांभाळायची जागा. "खुणा आम्हाला येत नाहीत, पण जेवण वेळेवर मिळेल," म्हणाल्या. मला महिन्यातून एकदाच भेटू देणार. तू शाळा मिळवून दे, असं मी म्हणत नाही. तुझ्या घरापासून दोन बस बदलाव्या लागतील. एखाद्या रविवारी गेलीस, तर तिला एवढंच सांग, की आईनं तुला टाकलेलं नाही. हे हातांनी कसं सांगायचं, ते मला येत नाही गं.

तुझीच,
एलिहिया