तुळजाच्या अंगातलं ऊन

८ नोव्हेंबर २०१७, दोहा

मामी फोनवर म्हणाली — "तू आला न्हाईस म्हणून पोरीचं क्यास आलं न्हाईत!" घ्या. आता हेही माझ्यावर!

तुळजा माझ्या शकूताईची पोर, दोन वर्षांची. गेल्या वर्षी तिचं जावळ काढलं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसवतात. मामा म्हणजे मी. आणि मी इथं क्रेनखाली उभा. साहेबानं सुट्टी दिली नाही. मग शेजारच्या कुणाला तरी मामा करून बसवलं. त्यानंतर डोक्यावर एक केस उगवला नाही. भुवयाही गेल्या. सगळ्या धायरी गावानं ठरवून टाकलं — मांडी चुकली!

ताई रडली नाही. "ये रे एकदा. बस मांडी घालून. मला रोज ऐकवतात," एवढंच म्हणाली. ताई आमच्या मामाच्याच घरात दिलेली, मामाच्या संभाजीला. आता वैशाखात मामाची मैना मला. घरातल्या घरात. मैनाला फोन द्या म्हटलं, तर ती पोळ्या लाटतेय म्हणे. नेहमी पोळ्याच कशा लाटत असते?

१२ नोव्हेंबर

इथलं ऊन म्हणजे शिक्षा. तोंडाला फडकं, डोक्याला हेल्मेट, हातात वॉकीटॉकी. क्रेनवाला नेपाळी एवढ्या उंच बसतो की मुंगी दिसतो. त्याला खालचं काही कळत नाही. मी सांगणार — डावीकडे, थांब, सोड — तसं तो करणार.

आज उभ्या उभ्या मामाची गच्ची आठवली. माघातलं ऊन. मामी कुरडया घालायची, आणि मी न् मैना काठी घेऊन कावळे हाकायला. कावळे परवडले! मैना ओल्या कुरडया खाऊन टाकायची आणि नाव माझं सांगायची. मीही मार खायचो. खुशीनं. खाली मेथीचे वाफे, पलीकडे सिंहगड. अंगावर ऊन घेऊन पडलं की डोळे मिटायचे. आता समोर सात मजले उठलेत. गच्चीवर ऊन उतरायला दुपार होते, ताई म्हणते.

इथं ऊन ढिगानं आहे, पण अंगावर घ्यावंसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर

तुळजाचे पाय वाकलेत. धनुष्यासारखे. बदकासारखी हलत चालते. आधी सगळे हसायचे, आता हसत नाहीत.

गावातल्या डॉक्टरनं सांगितलं — व्हिटॅमिन डी कमी, ऊन द्या. थेंब दिले, पुड्या दिल्या. मामी रोज तेल लावून तिला उन्हात घेऊन बसते. ऊन सरकलं की बाज सरकवते. मामी तोंडाची फटकळ, पण बाज सरकवणारी तीच.

२ डिसेंबर

काही फरक नाही. उलट पाय जास्तच वाकले. आता सदाशिव पेठेतल्या एक डॉक्टरबाई बघतायत, सुनीती नाव. त्यांनी पायाआधी डोकं बघितलं म्हणे! "हिचे केस कधी गेले?" ताईनं जावळाची सगळी कथा सांगितली. बाई म्हणाल्या, "मांडी कोणाची का असेना. केस डोक्यावर उगवतात ना?"

मामी तिथून तोंड पाडून आली.

२१ डिसेंबर

रक्ताचे रिपोर्ट आले. डी कमी नाहीच! भरपूर आहे, तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त. मग पाय का वाकतात? ताईला नीट सांगता येईना. "आत काहीतरी ऐकू येत न्हाई म्हणत्यात," म्हणाली. मला कामात चैन पडेना. आज दोनदा चुकीची खूण केली. साहेब बोंबलला. ओरड म्हटलं.

सुट्टी मागितली. नाही दिलीस तर काम सोडतो, असं तोंडावर सांगितलं. माझा पाय तसाही एका जागी टिकत नाही, त्याला ठाऊक आहे. दिली.

२१ जानेवारी २०१८, धायरी

आलो. सिंहगड रोडला गर्दी तीच, धूळ तीच. बरं वाटलं.

तुळजानं मला बघून ताईच्या पदरात तोंड खुपसलं. मग हळूच माझी मिशी ओढली. डोकं गुळगुळीत. हात ठेवला तर ऊबदार लागलं.

मैना चहा देऊन आत गेली. वाळलीय. "कावळे हाकतेस का अजून?" म्हटलं, तर "तू पण ना!" म्हणाली. हसली असेल. पाठ होती माझ्याकडं.

२४ जानेवारी

आज ताईबरोबर सदाशिव पेठेत गेलो. दवाखान्याच्या जिन्यात पाटी — 'चपला काढा. हरवल्यास आमच्या चपला मागू नयेत.'

डॉक्टरबाईंना म्हटलं, सातवीपर्यंतच शिकलोय, तसं सांगा. बाई म्हणाल्या, "बरंच शिकलात की. निम्मे पेशंट काही विचारतच नाहीत."

मग सांगितलं. ऊन कातडीवर पडलं की तिथं डी तयार होतं. यकृत आणि मूत्रपिंड त्याला पक्कं करतात. मग ते रक्तातून पेशीत शिरतं, पार आत. तिथं त्याला धरणारं एक प्रथिन असतं, रिसेप्टर. त्यानं डीला धरलं की ते एक जोडीदार घेतं, दोघं मिळून जनुकांवर बसतात आणि हुकूम सुटतो — अन्नातलं कॅल्शियम ओढा! मग हाडं पक्की होतात. तुळजाचं ते प्रथिनच बिघडलेलं. डी येतं आणि तसंच फिरत राहतं. केसांच्या मुळांनाही तेच लागतं, म्हणून केस गेले. "ते आता येतील असं मी सांगणार नाही," म्हणाल्या. गोड बोलल्या नाहीत. बरं वाटलं उलट.

म्हणजे वर क्रेनवाल्याचा वॉकी मेलाय, आणि मी खालून घसा फोडतोय! मामीचं सगळं ऊन पोरीच्या अंगात पोचलं होतं. वाया गेलं नाही. आत ऐकणारा नव्हता.

उपाय आहे. हुकमाची वाट न बघता कॅल्शियम सरळ शिरेतून द्यायचं. महिनोन्महिने.

उठताना बाई म्हणाल्या, "ताई आणि दाजी आतेमामेभावंडं ना? दोघांकडं त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आहे. एकाच आजा-आजीकडून आलेली. एकेक असली तर त्रास नाही. दोन एकत्र आल्या, की हा आजार." मग माझ्याकडं बघून, "तुमचं लग्न कोणाशी ठरलंय?"

सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

२५ जानेवारी

मामा भडकले. "आमच्या रक्तात खोट काढतोस? परक्याची पोरगी काय सोन्याची येती?" मी म्हटलं, मामा, खोट माझ्यातही असेल. तर म्हणाले, "मग दोघांचं जुळतंय की!"

डॉक्टरबाईंनी सांगितलंय, मी आणि मैना, दोघांत असेल तरच पुढं भीती, तेव्हाही चारात एखाद्या पोराला. एकात नसली तर मोकळं. बघायला फक्त रक्त द्यायचंय.

मैना दारात उभी होती. "दे की रक्त. आजच दे," म्हणाली. मामांसमोर, स्पष्ट! एवढी कधी बोलत नाही. आतून हललो मी. तिलाही माझ्याइतकंच लागलंय.

"तू पण देतेस?" विचारलं. "तुझं येऊ दे आधी."

२६ जानेवारी

रक्त दिलं. तिथून दवाखान्यात, तुळजाला सुई लावायला. कुणाकडं थांबेना. माझ्या मांडीवर बसली, मग लावू दिली. मामी बघत होती. पदर तोंडाला लावला.

१२ फेब्रुवारी, दोहा

परत इथं. वाळू तीच. मैनाचा फोन आला. स्वतःहून! "निकाल आला का?" नाही म्हटल्यावर ठेवला.

२६ फेब्रुवारी

ताईनं व्हिडिओ पाठवला. तुळजा बाजेला धरून उभी, पाय थरथरतायत, पण उभी! एक्सरेत हाडाच्या कडा भरायला लागल्यात. नेपाळ्याला दाखवला. त्यानं वरून भोंगा वाजवला. साहेब परत बोंबलला.

३ मार्च

मैनाचा परत फोन. "आला का?" किती जीव टांगलाय पोरीचा. निकाल वाईट आला तर तिला कसं सांगू? नुसतं हेच डोक्यात. खोट निघाली तर तिनंही रक्त द्यावं, असं तिला म्हणायचं धाडस मला होणार नाही. गच्ची आठवते. दुसरी कुणी डोळ्यासमोर आलीच नाही कधी.

१४ मार्च

माझ्यात नाही! डॉक्टरबाईंनी स्वतः फोन केला. "तुमच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. आता मैनाकडं असो-नसो, मुलांना हे होणार नाही. तुमच्या मामांना सांगा, आता लाडू वळायला हरकत नाही."

नाचलो. हेल्मेट उडवलं. मामांना सांगितलं, ते हसले, बऱ्याच दिवसांनी. मैनाला कुणी सांगू नका म्हटलं. मीच सांगणार.

१५ मार्च

सांगितलं. मैना म्हणाली, "तुझ्यात निघेल असं वाटलं होतं रे. मग मला या लग्नाला नाही म्हणावं लागलं नसतं."