वरच्या आळीतलं हिरवं टिंब

७ ऑक्टोबर, मंगळवार

नऊ मुलं, चार टॅब, त्यातल्या एकाची काच तडकलेली. मुख्याध्यापिका बिस्त्राबाई म्हणतात, "सतराला जिल्ह्याचे साहेब येणार. गावाचा नकाशा तयार पाहिजे. आणि मुलांनीच केलेला हं, गेनोवेवाबाई!"

एकवीस वर्षं इतिहास-भूगोल खडूने शिकवला. आता पडद्यावर बोट ठेवायचं, टिंब उमटतं. घरात कोणी राहतं तर हिरवं, बंद असेल तर लाल, आणि सोबत दाराचा फोटो. मुलांना माझ्याआधी जमलं.

८ ऑक्टोबर

खालची आळी झाली. बघते तर दिमोवांचं घर हिरवं. सहा वर्षं बंद आहे ते! मी बजावून सांगितलं होतं – दारावर वारलेल्या माणसाच्या आठवणीचा छापील कागद दिसला आणि अंगणात गवत माजलं असेल, तर लाल. फोटो, नाव, खाली घरच्यांची नावं. असे कागद तर गावात दर दुसऱ्या दारावर आहेत.

रादा ऐकायला तयार नाही. नऊ वर्षांची आहे, पण वाद घालायला लागली की वकील. "बाई, कागद नवाकोरा आहे. कोणीतरी आठवणीने चिकटवला ना? मग घर बंद कसं?"

"अगं, आत कोणी राहत नाही."

"पण कोणाचं तरी आहेच की. कागद उन्हाने पांढराफटक पडलाय ना, ते घर लाल."

बाकीचे आठ लगेच तिच्या बाजूला. उद्या सांगते म्हटलं.

९ ऑक्टोबर

दिमोवांचं टिंब हिरवंच राहू दिलं.

१० ऑक्टोबर

वरची आळी. मुलांना पुढे पाठवलं आणि मी पाणवठ्याच्या बाकावर बसून राहिले. गुडघ्याचं कारण दिलं. खरं तर अकरा वर्षं मी त्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाही.

रादाने टॅब पुढे केला. आमचं घर. आईचं. हिरवं!

"हे चुकलंय," मी म्हटलं. "माझंच घर आहे, मला माहीत नाही का?"

तिने फोटो मोठा करून दाखवला. दारावर आईचा कागद, चिकटपट्टीसुद्धा चकचकीत. 'तुला जाऊन अकरा वर्षं झाली.' खाली नावं – मुलगी गेनोवेवा, मुलगा ओग्न्यान.

मी नाही लावला. मी आईचा कागद माझ्या इथल्या दाराला लावायचे, खालच्या आळीत. पाच वर्षं झाली, तेही सुटलं. मग हा कोणी लावला?

१३ ऑक्टोबर

पोस्टमन मित्योला गाठलं. म्हणाला, "मीच लावतो की. दरवर्षी छापखान्यातून पाकीट येतं. मला वाटायचं तूच पाठवतेस. तुझं नाव पहिलं असतं गं."

छापखान्यात फोन केला. तिथली बाई म्हणाली, सगळं स्पेनहून येतं, ईमेलने. पत्ता दिला तिने. ओग्न्यानचा.

आई गेली तेव्हा तो स्पेनहून तीन दिवस उशिरा पोचला. मी दार उघडलं नाही. तासभर फाटकापाशी उभा होता, मग बसच्या थांब्याकडे निघून गेला. त्यानंतर ना फोन, ना पत्र. आणि हा दरवर्षी माझं नाव आपल्या नावाच्या वर छापतो? राग येतोय. नुसता रागच आहे का, तेही धड कळत नाही. भाऊ हवाय मला, हे लिहायला हात धजत नव्हता. लिहिलं.

१४ ऑक्टोबर

तीनदा लांबलचक लिहून पुसलं. शेवटी एकच ओळ पाठवली – 'माझं नाव कोणाला विचारून छापतोस?'

१५ ऑक्टोबर

काय हे लिहून बसले मी! रादाला विचारलं, पाठवलेली मेल परत घेता येते का.

"लगेच घेतली तरच, बाई. कधी पाठवलीत?"

काल, म्हटलं.

१७ ऑक्टोबर

साहेब आले. नकाशा बघून म्हणाले, "ही रंगांची कुठली तऱ्हा? माणूस राहतो तेच घर हिरवं. दुरुस्त करून घ्या." रादाने उभं राहून सगळं समजावलं, कागद, चिकटपट्टी, ऊन. साहेबांना पटलं नाही. बिस्त्राबाई मला डोळ्यांनी दटावत होत्या.

मी म्हटलं, "साहेब, कोण बरोबर ते मलाच अजून कळलेलं नाही. तोवर राहू द्या."

असं का बोलले, देव जाणे. नोकरीची दोन वर्षं राहिलीत. घरी येऊन आधी मेल बघितली. काही नाही.

१८ ऑक्टोबर

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते.

'गेना आत्या, मी स्लाव्का. ओग्न्यानची मुलगी. बाबा अठरा सप्टेंबरला गेले. या वर्षी आजीचा कागद मी छापून घेतला, नावं बाबा लिहायचे तशीच ठेवली. तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं. आता बाबांचा चाळिसाव्या दिवसाचा कागद त्याच दारावर लावायचाय. त्यात तुमचं नाव घालू का?'