तबला दादाकडे, गाणं माझ्याकडे

मी, मार्तंड त्र्यंबक खेर्डेकर, वय वर्षे एकाहत्तर, धंदा निवृत्त विज्ञानशिक्षक, राहणार घर क्रमांक ५ अ, मोताळा, जिल्हा बुलडाणा, लिहून ठेवतो की, हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना करीत आहे. शेवटच्या मुद्द्यावर माझी पत्नी सौ. शारदा हिचे मत वेगळे आहे, पण ती साक्षीदार नसल्याने ते येथे नोंदवलेले नाही.

वकील श्री. चंद्रशेखर यांनी मला छापील नमुना दिला होता. त्यात माझे काहीच मावेना, म्हणून स्वतः लिहायला बसलो. यापूर्वीचे मृत्युपत्र मी केलेले नाही. हे पहिलेच, आणि माझ्या स्वभावाला धरून लांबलेले.

कलम १. घर. आमच्या वडिलांनी बांधलेल्या घराची रस्त्याकडून डावी बाजू माझ्या मालकीची आहे. ती माझ्या पश्चात शारदेची, तिच्या पश्चात मुलगा शंतनू याची. उजवी बाजू माझे वडील बंधू भगवंतराव यांची असून तिला वाटणीनंतर ५ ब असा वेगळा क्रमांक मिळाला आहे. दादाने त्या क्रमांकाची पाटी इतकी मोठी लावली की एक काळ लोक आमच्या गल्लीला 'पाच ब वाली गल्ली' म्हणत. मीही काही कमी नव्हतो. शंतनूच्या लग्नाची पत्रिका मी दादाला टपालाने पाठवली, ५ ब असे ठळक लिहून. पोस्टमनने ती माझ्याच दारात उभे राहून शेजारी टाकली आणि माझ्याकडे असे पाहिले की मी घरात निघून गेलो. दादा लग्नाला आला, जेवला, माझ्याशी न बोलता गेला.

दोन्ही बाजूंच्या मधल्या भिंतीत पूर्वी एक दार होते. त्याची चौकट अजून आहे. पल्ले काढून दादाने त्याच्या बाजूने प्लायवूड ठोकले. या चौकटीबद्दल पुढे लिहीनच, कारण खरे तर हे सगळे मृत्युपत्र तिच्यासाठीच आहे.

कलम २. पिंपळगाव राजा येथील शेतातला माझा हिस्सा आणि बँकेतली ठेव शारदेची. यात लिहिण्यासारखे काही नाही. मास्तराची ठेव जेवढी असायची तेवढीच आहे.

कलम ३. हत्यारे. माझी पेटी, म्हणजे टेस्टर, पक्कड, पेचकसांचा संच आणि वायरींना डाग देण्याची सळई, ही शंतनूला द्यावी. तो पुण्याला संगणकावर काम करतो, त्याला यातले काही धरता येत नाही, तरी घ्यावी. माझी शिडी रवी या शेजाऱ्याकडे आहे. ती त्याने परत करू नये, म्हणजे माझ्यामागे शारदेला तक्रार करायला एक तरी विषय राहील.

कलम ४. जुना टीव्ही व नवा टीव्ही. याला थोडा पूर्वेतिहास आहे.

तरुणपणी मी आणि दादाने मिळून एक स्टिरिओ घेतला होता. एक मशीन, दोन लाकडी स्पीकर, प्रत्येक स्पीकर गुडघ्याइतका उंच. दादा तबला वाजवायचा, मी नुसता ऐकायचो आणि ऐकताना बोलायचो. वडील गेल्यावर वाटणी झाली. पलंग, कपाटे, तांब्याची भांडी सगळे गोडीत वाटले गेले, पण स्टिरिओवर दोघेही अडून बसलो. रामराव मामा पंच होते. त्यांना संध्याकाळची मोटार गाठायची होती. ते म्हणाले, "दोन डबे हायेत ना? मंग एक एक घ्या अन् मले जाऊ द्या."

आणि आम्ही घेतले. मी विज्ञानाचा पदवीधर, नववीच्या मुलांना 'ध्वनी' हा धडा शिकवणारा, डावा स्पीकर उचलून डाव्या घरात गेलो. दादा उजवा घेऊन उजव्या घरात. मशीन मला मिळाले, त्याबदल्यात टेबलफॅन त्याला. जगात कोणी स्टिरिओ उभा चिरून वाटून घेतला असेल असे मला वाटत नाही. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. वच्छला वहिनींनी त्यांच्या स्पीकरवर माठ ठेवला.

दुसरा स्पीकर मी विकत आणला नाही. आणला असता तर वाटणी चुकली असे झाले असते. पण आमच्याकडच्या ध्वनिफिती जुन्या, त्यांत गाणारा डावीकडून आणि तबला उजवीकडून यायचा. एका स्पीकरवर नुसते गाणेच येई. पाहुण्यांना मी सांगत असे की जाणकार असेच ऐकतात. एका पाहुण्याने मान डोलावली, तेव्हा मला त्याची काळजी वाटली.

मग घरात मोठा टीव्ही आला. काय धूड होते! पुढे काच, मागे हे एवढे पोट. ते पोट ठेवायला जागा एकच, ती बुजवलेली चौकट. टीव्ही तिच्यात मागून असा बसला की जणू सुताराने मापानेच केला होता. मला एक युक्ती सुचली. मशीनची उजवी वायर मी टीव्हीच्या मागे खोचली. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर तोंड पुढे करून होते आणि पेटी भली मोठी, त्यामुळे तबला तिच्यातून छान घुमायचा. फक्त त्यासाठी टीव्ही चालू ठेवावा लागे आणि पडदा नुसता निळा दिसे. शारदा शेजारणींना सांगायची, "हे निळं पाहत बसले हायेत. मी येतो तुमच्याकडे." मी मात्र ठरवून टाकले की स्टिरिओ पुरा झाला. दादाविना झाला, याचे मला जास्त सुख होते.

मागच्या दिवाळीत शंतनूने पातळ टीव्ही आणला. चौकटीवर आडवी पट्टी मारून तो टांगला. जुन्या टीव्हीला चौघांनी उचलून गच्चीवरच्या खोलीत नेले. (तो ज्याला एकट्याने उचलता येईल त्याला माझ्यातर्फे बक्षीस द्यावा.) मी आपली वायर नव्याच्या मागे खोचली, ध्वनिफीत लावली आणि खुर्चीत बसलो. गाणे आले. तबला आला नाही. आवाज वाढवला, तरी नाही. शंतनूला म्हटले, तुझा टीव्ही बिघडलेला आहे.

"बाबा, पातळ टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला असतात," तो म्हणाला. "आवाज भिंतीवर आपटून पुढे यावा लागतो. इथे मागे भिंतच नाही."

नववीचा धडा मला माझ्या मुलाने शिकवला. पोट गेल्यामुळे चौकट पोकळ झाली होती. तबला त्या पोकळीत शिरून प्लायवूडमधून सरळ पलीकडे जात होता.

मी काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून आवाज आला. इतक्या वर्षांनी.

"मार्तंड! नुसता तबला काऊन वाजवून राह्यला बे? गाणं कुठी गेलं?"

मी उभाच राहिलो. शारदेने मला कोपराने ढोसले. मी म्हणालो, "दादा, गाणं इकडं हाय."

पलीकडे खुर्ची प्लायजवळ ओढल्याचा आवाज झाला. मग दादा म्हणाला, "मंग वाढव ना."

हे लिहिताना मला हसू येते, पण तेव्हा आले नव्हते. तेव्हा मी डोळे पुसले आणि शंतनूला सांगितले की फटाक्यांचा धूर आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी गाणे लावतो. गाणे माझ्या घरात, तबला दादाच्या. मध्येच दादा पलीकडून ओरडतो, "हा ठेका पाह्य कसा धरला!" मला तो ठेका ऐकू येत नाही, तरी मी 'वा' म्हणतो. पुढे वच्छला वहिनींनी माठ उतरवला, मी प्लायला भोक पाडून वायर पलीकडे सरकवली आणि दादाचा स्पीकर जिवंत झाला. पाण्याने त्याचा वरचा भाग फुगला आहे, पण वाजतो माझ्यापेक्षा बरा. आता दोन्ही स्पीकर प्लायला टेकून, अलीकडे एक आणि पलीकडे एक, पाठीला पाठ लावून उभे असतात. विज्ञानात या मांडणीला नाव नाही.

दोन्ही बायका म्हणतात, प्लाय काढा. वहिनी तर प्लायवर थापा मारून म्हणाल्या, "भाऊजी, दोन म्हातारे भिंतीशी बोलता, लोक हसून राह्यले." पण आम्हां भावांची अडचण वेगळी आहे. स्क्रू दादाच्या बाजूला आहेत, म्हणून आधी त्याने काढावेत असे मी म्हणतो. टीव्ही माझ्या बाजूला टांगला आहे, म्हणून आधी मी तो उतरवावा असे तो म्हणतो. यात हिवाळा गेला. दादाला छातीचा त्रास आहे, माझी साखर वर-खाली होते. पलीकडे खोकला जरा लांबला की मी गाण्याचा आवाज बारीक करतो आणि तो थांबेपर्यंत कान देतो. दार उघडायच्या आधी आमच्यातला एक गेला तर, या भीतीने मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

नवा टीव्ही शारदेचा.

कलम ५. माझ्या मृत्यूनंतर चौकटीवरील प्लायवूड काढून टाकावे आणि माझा डावा स्पीकर मशीनसह भगवंतराव यांना द्यावा, म्हणजे जोडी एका घरात येईल आणि गाणे-तबला एकत्र ऐकू येतील. स्क्रू कोणी काढायचे यावर वाद घालू नये.

सहीपूर्वीची पुरवणी. आज वकीलसाहेब कागद पुरे करायला आले. एक साक्षीदार माझे शाळेतले सहकारी श्री. धम्मरत्न वानखडे हजर होते. दुसरा म्हणून मी प्लायमधून दादाला हाक मारली. तो काठी टेकत रस्त्याने वळसा घालून माझ्या दारात आला. सही करण्यापूर्वी त्याने सगळे वाचले. वकीलसाहेब म्हणाले, "भगवंतराव, कलम पाचमध्ये तुम्हाला वस्तू मिळणार आहे. ज्याला काही मिळणार, त्याने साक्ष न केलेली बरी. सही तरी करा नाही तर स्पीकर तरी घ्या."

दादाने पेन खाली ठेवले नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "तू गेल्यावर दोन दोन डबे घेऊन मी काय करू बे? मले नको तुया डबा. गाणं आयकायचं तर तुया शेजारी बसून आयकीन." मग म्हणाला, "तो पेचकस दे इकडं."

कलम ३ मधील पेटी त्यामुळे आजच उघडावी लागली. दादा तसाच वळसा घालून परत गेला आणि पलीकडून स्क्रू काढू लागला. इकडे मी आणि धम्मरत्न यांनी टीव्ही पट्टीसकट उतरवला. आधी कोण, हा प्रश्न कोणाला आठवला नाही. प्लाय पडले तेव्हा पलीकडे वच्छला वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. दादा चौकटीतून आत आला, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि सही केली.

कलम ५ खोडण्यात आले आहे. खाडाखोड मला मान्य आहे.

हे वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून आणि उजवीकडून तबला ऐकत सही केले.

स्थळ : मोताळा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार :
मार्तंड त्र्यंबक खेर्डेकर
राहणार घर क्रमांक ५, मोताळा

साक्षीदार :
१) धम्मरत्न वानखडे, राहणार वडनेर भोलजी
२) भगवंत त्र्यंबक खेर्डेकर, राहणार सदर