वन्सं, तुमच्या बाकावर बसलेली माणसं

पेन्रोज हार्बर, मिशिगन
मंगळवार, सकाळ

आदरणीय वन्सं,

मी चर्चच्या दारात उभी राहून आल्यागेल्याला घाबरवते, असं तुम्ही आमच्या पाळकबाईंना फोन करून सांगितलंत, आणि तेही ॲरिझोनाच्या उन्हात पाय पसरून बसल्या बसल्या, हे मला कळलंय. बाईंनी तुमचं नाव घेतलं नाही. त्या बिचाऱ्या कुणाचंच नाव घेत नाहीत. "तुमच्या घरच्याच एका वडीलधाऱ्या व्यक्तीला काळजी वाटते," एवढंच म्हणाल्या. आता आपल्या घरात वडीलधारं असं तुमच्याशिवाय उरलंय कोण? तुमचे भाऊ आहेत, पण त्यांना आजवर कशाची काळजी वाटलेली मी पाहिली नाही. फोनवर तुम्ही मला मधेच तोडता, म्हणून लिहायला बसलेय. कागदावर मला कुणी तोडू शकत नाही.

तर आधी रीतसर नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडच्या कोरड्या हवेने बरा होईल असं डॉक्टर म्हणाला होता, पण तो डॉक्टर स्वतः लंगडतो. इकडे आम्ही ठीक. ह्यांचा खोकला गेला, आता नुसता खोकायची सवय राहिलीय. बर्फ अजून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आहे. माझं शाळेतलं काम चालू आहे (नववी अर्धी टाकून शाळेतून बाहेर पडले ती पुन्हा शाळेत शिरले ती भटारखान्याच्या दारानेच, हे तुम्ही चारचौघांत सांगता, म्हणून मीच आधी लिहिलं). आणि हे पत्र काही माझं दारातलं काम वाचवायला लिहीत नाहीये. ते राहिलं तर राहिलं, गेलं तर माझे पाय तरी गारठणार नाहीत. माझा जीव अडकलाय तो सोरेल मंडळींत. नवराबायको आणि चार पोरं असं कुटुंब चालत आपल्या सेंट पिरन चर्चच्या दारात आलंय, आणि ते गावातून जाऊ नये यासाठी माझी सगळी धडपड चाललीय. ते पुढे येईलच.

हे स्वागताचं काम मी मागायला गेले नव्हते. पूर्वी दारात म्हातारा ट्रेम्बाथ असायचा. तो छापील कागद हातात द्यायचा आणि भिंतीला टेकून झोपायचा. मागच्या हिवाळ्याआधी एक उंच माणूस लागोपाठ तीन रविवार आला. शेवटच्या बाकावर बसला. "शांती असो" म्हणायच्या वेळी सगळ्यांनी त्याचा हात हलवला आणि लगेच वळून एकमेकांना हवेबद्दल विचारायला लागले. प्रत्येकाला वाटलं, त्याच्याशी दुसरं कोणीतरी बोललं असेल. चौथ्या रविवारी तो समोरच्या लुथरन पंथाच्या चर्चमध्ये गेला. आता त्यांच्या गायकवर्गात गातो, आणि आवाज असा भारदस्त की आपलं प्रवचन चालू असताना तो भिंतीतून ऐकू येतो. तेव्हा पाळकबाई म्हणाल्या, दारात कोणीतरी बोलणारं माणूस हवं. यावर सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी विचारत बसले नाही, कोट चढवला आणि उभी राहिले.

माझी पद्धत साधी आहे. आपल्याकडे नवा माणूस आला की त्याच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक, गाण्यांचं पुस्तक आणि तो कागद असे तीन ऐवज कोंबतात, आणि मग उभे राहा, बसा, गुडघे टेका, पुढे जा, मागे या. गरीब माणूस पान शोधेपर्यंत आमेन होऊन जातं. मी सांगते, "पुस्तकं खाली ठेव. माझ्याकडे बघ. मी उठले की ऊठ, मी बसले की बस. मी नाक पुसलं तर मात्र पुसू नकोस, ते माझं सर्दीचं आहे." आणि उपासना झाल्यावर दंडाला धरून खालच्या हॉलमध्ये कॉफीला नेते. धरलं नाही तर मागच्या दाराने पळतात. याला तुम्ही घाबरवणं म्हणता.

आता हेस्टर रो यांची गोष्ट, कारण तुमची तक्रार तिथूनच निघालीय हे मी ओळखून आहे. जानेवारीत एक बाई दहाच्या उपासनेला आल्या. उंच, करडा कोट, चेहऱ्यावर परकेपणा. मी कधी पाहिलेल्या नाहीत. मी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला, कोटावर "नवीन पाहुणे" असा लाल कागद चिकटवला, पुस्तकात डोकं घालू नका म्हणून सांगितलं, आणि त्या काही बोलायला लागल्या तर म्हटलं, लाजू नका, आम्ही सगळेच कधीतरी नवीन होतो. बातम्या सांगायच्या वेळी त्यांना उभं केलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. खाली हॉलमध्ये सलगम आणि मांस भरलेली गरम पॅस्टी त्यांच्या हातात देऊन विचारलं, "गावात कधी आलात?" तर म्हणाल्या, "एकोणचाळीस साली. जन्माला." त्यांचं सगळं आयुष्य आठच्या उपासनेत गेलंय. त्या दिवशी गाडी बर्फातून निघेना म्हणून उशीर झाला एवढंच. वेदीवरची जी कापडं आपण दहावाले दर रविवारी पाहतो आणि किती छान इस्त्री म्हणतो, ती इस्त्री त्यांची. मी ज्या रंगीत खिडकीखाली त्यांना उभं केलं होतं, त्या खिडकीवर नाव त्यांच्या आजोबांचं.

आता मला सांगा वन्सं, यात चूक माझी एकटीची? टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या. आठवाले नऊला घरी जातात, दहावाले दहाला येतात, आणि मधल्या तासात फक्त फरशी पुसणारा दोन्हीकडच्यांना ओळखतो. पण हेस्टरबाई तुमच्या शाळेतल्या मैत्रीण, त्यांनी तुम्हाला कळवलं, तुम्ही पाळकबाईंना कळवलंत, आणि चर्चच्या कमिटीत विषय निघाला की वर्नाला, म्हणजे मला, दारातून हलवून मागे कॉफीच्या भांड्यापाशी उभं करावं.

त्यातच सोरेल आले. पाऊण फूट बर्फ पडला त्या रविवारी. एमेट सोरेल आपल्या काउंटीच्या रस्त्यांवरून बर्फ उपसायच्या गाडीवर लागलाय, आणि मूळचा आर्कान्सासचा, म्हणजे नोकरी लागेपर्यंत त्याने बर्फ सरबतातच पाहिलेला. बायको ट्रिना, चार पोरं, सगळ्यांच्या पायात पातळ बूट. ती सगळी सरळ जाऊन पहिल्या बाकावर बसली. आख्ख्या चर्चने श्वास रोखला, कारण पहिल्या बाकावर बिशपसुद्धा बसत नाही. मागे जागा कुठे? प्रत्येक बाकावर कुणाची तरी शाल, कुणाचा चष्मा, कुणाचा मेलेला नवरा. रिकामा आणि गरम पाइपाजवळचा असा बाक एकच होता, तो आपला. तुम्ही जाताना त्यावर तुमची भरतकामाची गुडघे टेकायची उशी ठेवून गेलात, जागा धरायला. मी उशी बाजूला सारली आणि सहाजणांना तिथे बसवलं. ट्रेम्बाथ कुजबुजला, "वर्ना, तो लॉरेटाचा बाक आहे." मी म्हटलं, "लॉरेटा तुला दिसतेय का त्यावर?"

प्रवचन लांबलं. सर्वांत धाकटा पोरगा, ओटिस, बाकावर उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "संपलं का?" पाळकबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "जवळजवळ," आणि खरोखर संपवलं. वन्सं, मी चर्चमध्ये इतकी वर्षं जाते, पण मंडळींना हसताना मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. तरी खाली दोनतीन चेहरे आंबट होते. पोरांचा आवाज फार होतो म्हणे. मी म्हटलं, इतकी वर्षं इथे फक्त खोकल्याचा आवाज होता, तो ऐकायला देवालाही कंटाळा आला असेल. रविवारच्या शाळेची खोली आपण नाताळचं सामान ठेवायला वापरतो. मेंढपाळांचे पुतळे आहेत, पोरं नाहीत.

पण पोरांचं कौतुक चारच रविवार टिकणार असं दिसलं. कॉफी पिताना ट्रिना मला हळूच म्हणाली, "वर्नाकाकू, आम्हाला जायला लागणार बहुतेक." ती माणसं हमरस्त्यावरच्या मोटेलात एका खोलीत राहत होती, पोरं आलटून पालटून जमिनीवर. नोकरी कायमची, पण घर मिळेना. आपल्या गावात घरं काय कमी आहेत? निम्मी कुलुपात आहेत, मालक उन्हात आहेत. महिनाअखेर जागा मिळाली नाही तर एमेटचा भाऊ विस्कॉन्सिनला बोलावत होता. मी घरोघर फिरले. कोणी म्हणे मुलीसाठी ठेवलंय (मुलगी सिअ‍ॅटलला, दहा वर्षांत आली नाही), कोणी म्हणे पोरं भिंतींवर लिहितात. चर्चबाहेरची "सर्वांचं स्वागत असो" ही पाटी याच लोकांनी वर्गणी काढून रंगवलीय. मी तसं तोंडावर बोलून आले. तेही तुमच्या कानावर आलं असेलच.

मग कमिटीची बैठक झाली. दोन विषय होते, वर्नाचं काय करायचं आणि सोरेलांचं काय करायचं. हेस्टरबाई उठल्या तेव्हा मी हातमोजे चढवायला घेतले होते. त्या म्हणाल्या, "या बाईने माझ्या चांगल्या कोटावर कागद चिकटवला, त्याचा डिंक अजून निघत नाही. माझ्या दंडाला धरलं. मला पॅस्टी खायला लावली, आणि मी सलगम खात नाही." मग म्हणाल्या, "पण मी या चर्चमध्ये जन्मापासून येतेय आणि दहाच्या एकाही माणसाने मला नाव विचारलं नव्हतं. तिने विचारलं. तिला दारातच ठेवा. डिंक तेवढा बदला." विषय मिटला. तुम्ही फोन केलात तोवर हेस्टरबाईंचं मत पालटलं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण तुम्ही फोनवर कोणाला बोलू देत नाही. आता त्या आठलाही येतात आणि दहालाही, आणि माझ्या मागे बसून माझं प्रार्थनेतलं चुकलेलं दुरुस्त करतात. त्याचा मला वैताग आहे, पण ते वेगळं पत्र होईल.

तर वन्सं, थोडक्यात सांगायचं तर माझं काम राहिलं, चर्चचं ठीक चाललंय, आणि तुम्ही काळजी करू नये. गुडघ्याला गरम पाण्याचा शेक द्या. ह्यांचा नमस्कार.

तुमची भावजय,
वर्ना नॅन्कर्व्हिस

ता.क. सोरेलांना घर मिळालं हे लिहायचं राहिलं. तुमचं. पाइप गोठू नयेत म्हणून तुम्ही मला किल्ली दिली होतीत, आणि माणसं राहत असली की पाइप गोठत नाहीत, त्यामुळे मी तुमच्या शब्दाबाहेर गेले असं मला वाटत नाही. मागच्या गुरुवारी सामान नेलं, म्हणजे पाच पिशव्या. ह्यांनी विचारलं, "ताईला विचारलंस का?" मी म्हटलं, विचारणार आहे. हे तेच विचारणं. भाडं ते देणार आहेत, आकडा तुम्ही आणि एमेट ठरवा. तुमची चिनी मातीची भांडी मी आमच्याकडे आणून ठेवलीत. तुम्ही मेमध्ये आलात की वरची पुढची खोली तुमचीच, तिथे कोणाला झोपू दिलेलं नाही (ओटिस एकदा झोपला, पण तो आपोआप झोपला).

ता.क. दुसरं. कमिटीत घराचा विषय निघाला तेव्हा मी म्हटलं, लॉरेटावन्संनी त्यांचं घर दिलंय. अगदी असंच म्हटलं. त्यावर हेस्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी पाळकबाईंनी दोन्ही उपासनांत तुमच्या नावाने आभाराची प्रार्थना केली, आणि आठवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या, जे माझ्या ऐकिवात तरी पूर्वी कधी झालेलं नाही. ट्रेम्बाथ म्हणाला, लॉरेटा इतकी चांगली आहे हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. शिवाय ज्यांनी मला नाही म्हटलं होतं, त्यातल्या दोघांनी आता आपापल्या कुलुपांच्या किल्ल्या पाळकबाईंकडे आणून दिल्यात. लॉरेटा देते तर आम्ही कसे मागे राहणार, असं त्यांचं म्हणणं.

ता.क. तिसरं. तुमच्या त्या उशीवर बसून पोरं चर्चच्या उतारावरून बर्फात घसरली. तिच्यावर भरलेल्या कोकराचा कान तेवढा उसवलाय. मी शिवून देईन, पण मला कोकरू नीट जमत नाही.

ता.क. शेवटचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बिशप येणार आहेत. जेवणानंतर ते तुमच्या घरी जाऊन घराला आशीर्वाद देणार आणि तुम्हाला तिथून फोन लावून सर्वांसमोर आभार मानणार असं ठरलंय. तेव्हा त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला "हो" असं एका शब्दात कळवा, म्हणजे मी बोलले ते खोटं ठरणार नाही. "नाही" म्हणायचं असेल तर मला कळवू नका, रविवारी बिशपांचा फोन आला की त्यांनाच सांगा. मी तेव्हा दारात असेन, मला ऐकू येणार नाही.