दारावरची अंगठ्याएवढी जागा

बीड, खंडेनवमीची संध्याकाळ

परवा देशमुखांच्या मोटारीचं काढून आणलेलं दार चकाकी आणायला माझ्या पायानं फिरवायच्या, लोकर गुंडाळलेल्या चाकाला लावलं. डायवर हमीदभाई बजावत होते, "उस्ताद, दाबू नका, सरकवत ऱ्हावा. रंग हाय, तलवार न्हाई."

मला शिकवतात? जन्मभर तलवारी घासलेला मी शिकलगार! दाबलंच. निळा रंग जळाला, अंगठ्याएवढं लोखंड उघडं पडलं.

दार बघून देशमुख गरजले, "कुणी केलं बे?"

मी चाकाकडं तोंड फिरवलं. हमीदभाईच म्हणाले, "हुजूर, माझ्या हातनं झालं." तिथंच त्यांची नोकरी गेली. कावून केलं त्यांनी असं? आन् मी कावून गप्प बसलो?

आज देशमुखांच्या दारात मोटारीची पूजा झाली. त्या अंगठ्याएवढ्या जागेवर झेंडूची माळ सोडली होती. घरी येऊन चाकाला फुलं वाहायला बसलो. चाकाच्या लोकरीला तो निळा रंग अजून चिकटलेला हाय.